उजवा खिसा

माझ्या प्रत्येक विजारीचा उजवा खिसा आधी जातो.
डाव्यात रुमाल, बसची तिकिटं, क्वचित दोन चिकू;
तो विजारीबरोबर सावकाश म्हातारा होतो.
उजव्याला शेवंती दर वर्षी आतून ठिगळ लावते,
जुन्या छत्रीच्या कापडाचं, दुहेरी शिवण घालून,
आणि विचारते, एवढ्याशा लोखंडाला वजन असतं तरी किती.

चार बोटं पातं. शिंगाची मूठ, पितळेच्या दोन खिळ्यांवर.
एक खिळा मूळचा, एक मातोंडच्या झिलू मेस्त्रीने घातलेला.
उघडताना टक्. मिटताना त्याहून जरा हळू.
बेचाळीस श्रावण याच्याच धारेवर कोयकलमं केली:
तांबूस रोपाची मान उडवायची,
मधोमध चीर द्यायची,
हापूसच्या काडीची पाचर करून आत बसवायची
आणि पट्टी गुंडाळताना श्वास धरायचा.
का धरायचा, माहीत नाही. बाबा धरायचे.

बाकीचे घरी आहेत,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, उंडीच्या तेलाच्या फडक्यात.
आषाढात दर आठवड्याला काढून पुसावे लागतात,
वेंगुर्ल्याची हवा लोखंड चाखून बघते.
हा रुजारचा, जहाजावरचा,
पाठीला गाठ सोडवायचा सुळका.
लॉरेन्सीन म्हणाली, घेऊन जा,
रात्रभर उघडायचा नि मिटायचा,
अजून ऐकू येतो.
हा वाकड्या चोचीचा, सुपारीच्या बागेतला.
हा तीन बाळंतिणींच्या उशाखाली झोपलेला,
याने जन्मात काही कापलेलं नाही.
आणि हा कुणाचा ते आठवत नाही,
त्यालाच जास्त वेळा पुसतो.

एकदा सावंतवाडीच्या स्टँडवर बंदोबस्त होता,
कुणी मंत्री यायचे होते.
घाटावरचा पोरगेला हवालदार. खिसा चाचपला.
हे काय?
कलमाचा चाकू.
कुठलं कलम?
हापूसचं, म्हटलं, आणि रांग हसली.
तो नाही हसला. त्याने पातं बोटांनी मोजलं,
मग माझी बोटं पाहिली, चिकाने काळी पडलेली,
आणि चाकू टेबलावर ठेवून म्हणाला,
संध्याकाळी घेऊन जा.
त्या दिवशी मी गावभर
डावीकडे कलून चाललो.

तीन पावसाळ्यांनी तो रोपवाटिकेत आला, साध्या कपड्यांत.
नाव सांगितलं, गोरख वाघमोडे, गाव माणदेशात.
बदली झाली होती, दोन कलमं न्यायची होती.
तिकडे धरणार नाहीत, म्हटलं.
बघतो, म्हणाला.
पैसे दिले. तरी उभाच.
मग खिशातून काढला, वडिलांचा,
मेंढरांमागे हिंडलेला. बाभळीची मूठ,
पातं झिजून झिजून माशाच्या काट्याएवढं.
धार मिळेल का? आमच्याकडे लावणारं कुणी राहिलं नाही.

सहाणेवर आधी पाणी, मग तेल,
शेवटी चपलेच्या अंगठ्याचं चामडं.
झिलू सांगायचा, धार डोळ्यांका दिसणा नाय, नखाक कळता.
मी घाई केली नाही. तोही काही बोलला नाही,
कलमांच्या ओळी मोजत बसला, आणि चुकून पुन्हा मोजू लागला.

चाकू हातात देऊ नये, माणसं तुटतात.
मी तो जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवला.
त्यालाही ठाऊक होतं.
त्याने चिऱ्यावरूनच उचलला,
अंगठ्याच्या नखावर टेकवला,
आणि टक्.

दोन्ही काखांत दोन कलमं घेऊन तो बांधावरून गेला.
मागून दिसलं,
त्याच्या पँटचा उजवा खिसा बाहेरूनच शिवलेला,
काळ्या दोऱ्याने, पुरुषाच्या हाताने,
टाके लांब लांब.